चोवीस तासांत सिंहली : बंदरनायके यांचा उदय आणि अंत

अनुराधपूर, कँडी, केलनियाच्या यात्रेला जाणारे आपले उपासक-उपासिका कोलंबोजवळच्या ज्या विमानतळावर उतरतात, त्याला बंदरनायके यांचे नाव आहे. हे नाव आपल्याकडे ओळखीचे आहे ते बहुधा सिरिमावो बंदरनायके यांच्यामुळे, कारण त्या जगातील पहिल्या महिला पंतप्रधान. विमानतळ मात्र त्यांच्या पतीच्या नावाचा आहे. पंतप्रधान असताना त्यांच्यावर राहत्या घराच्या व्हरांड्यात गोळ्या झाडल्या गेल्या, आणि गोळ्या झाडणाऱ्याच्या अंगावर चीवर होते. बौद्ध देशाच्या बौद्ध पंतप्रधानाला एका भिक्खूने मारले, एवढे जुन्या पिढीच्या कानावर असते. प्रकरण तिथवर कसे पोचले याची चर्चा आपल्यात फारशी होत नाही. ती व्हायला हवी, कारण त्यात धम्माचे नाव पदोपदी येते.

सॉलोमन वेस्ट रिजवे डायस बंदरनायके यांचा जन्म ८ जानेवारी १८९९ रोजी कोलंबोत झाला. नावातले वेस्ट रिजवे हे तेव्हाच्या ब्रिटिश गव्हर्नरचे नाव. तो या बाळाचा धर्मपिता होता. वडील सर सॉलोमन हे महामुदलियार, म्हणजे गव्हर्नरच्या दरबारातले सर्वांत वरचे देशी अधिकारी. होरगोल्ला येथे वाडा, जमीनजुमला, नोकरचाकर. घराणे अँग्लिकन ख्रिस्ती आणि घरातली भाषा इंग्रजी. शिक्षण सेंट थॉमस कॉलेजात आणि मग ऑक्सफर्डच्या क्राइस्ट चर्चमध्ये झाले. ऑक्सफर्डच्या प्रसिद्ध वादविवाद सभेत त्यांनी वक्ता म्हणून नाव कमावले, तिथे पदाधिकारीही झाले. १९२५ साली बॅरिस्टर होऊन परतले तेव्हा इंग्रजीत त्यांचा हात धरणारा बेटावर क्वचितच कोणी असेल. सिंहली मात्र धड येत नव्हती. पुढे ज्या भाषेसाठी त्यांनी देश पेटवला, ती त्यांना मोठेपणी शिकावी लागली.

त्यांच्या आयुष्यातली पहिली राजकीय भूमिका आज वाचली तर विश्वास बसत नाही. १९२६ साली त्यांनी वृत्तपत्रात लेखमाला लिहून सिलोनसाठी संघराज्य पद्धतीचा पुरस्कार केला होता. सखल भागातले सिंहली, कँडीकडचे सिंहली आणि तमिळ यांना आपापल्या प्रदेशात स्वायत्तता दिल्याशिवाय हा देश एकत्र नांदणार नाही, असे त्यांचे म्हणणे होते. तमिळ बहुसंख्य असलेल्या जाफन्यात जाऊन त्यांनी तेच मांडले. म्हणजे रोग आणि औषध, दोन्ही त्यांना सत्ताविसाव्या वर्षीच ठाऊक होते.

१९३१ साली सिलोनला प्रौढ मताधिकार मिळाला. आपल्याकडे तो यायला अजून वीस वर्षे होती. बाईला, अडाण्याला, भूमिहीनाला मत मिळाले आणि इंग्रजी बोलणाऱ्या उच्चभ्रूंना प्रथमच खेड्याकडे पाहावे लागले. याच सुमारास अनेक ख्रिस्ती घराण्यांतले राजकारणी बौद्ध झाले. ज्या डोनमोर आयोगामुळे मताधिकार आला, त्याच्या नावावरून लोक त्यांना चेष्टेने डोनमोर बौद्ध म्हणत. बंदरनायकेही याच काळात बौद्ध झाले. कोणाच्या श्रद्धेचा पंचनामा करण्यात अर्थ नाही, ते मनापासून बौद्ध झाले असतीलही. पण आपल्या समाजाने १९५६ साली जी दीक्षा घेतली तिच्यात आणि या धर्मांतरात एक फरक आहे. आपल्या लोकांनी धम्म स्वीकारला तेव्हा सत्ता नव्हती, सवलती जाण्याची भीती होती. त्यांच्याकडे धम्म हा बहुसंख्याकांचा धर्म होता आणि निवडणुकीचा रस्ता त्यातून जात होता.

सूटबूट जाऊन पांढरा देशी पोशाख आला. १९३० च्या दशकात त्यांनी सिंहल महासभा काढली. १९४६ साली ती युनायटेड नॅशनल पार्टीत सामील झाली आणि १९४७ च्या निवडणुकीनंतर बंदरनायके डी. एस. सेनानायके यांच्या मंत्रिमंडळात आरोग्य आणि स्थानिक स्वराज्य खात्याचे मंत्री झाले.

इथे एक गोष्ट थांबून सांगायला हवी. स्वातंत्र्य मिळाले त्याच वर्षी, १९४८ साली, या मंत्रिमंडळाने नागरिकत्वाचा कायदा केला आणि चहाच्या मळ्यांतल्या सुमारे सात लाख भारतीय तमिळ मजुरांचे नागरिकत्व काढून घेतले. पाठोपाठ मताधिकारही गेला. हे मजूर कोण होते? ब्रिटिशांनी शंभर-सव्वाशे वर्षांत तामिळनाडूतून नेलेली माणसे. त्यांतली बहुसंख्य परैयर, पळ्ळर, चक्किलियर या अस्पृश्य जातींतली होती. गावच्या जातीतून सुटण्यासाठी समुद्र ओलांडला आणि मळ्यातल्या लाइनीत, म्हणजे एका ओळीतल्या दहा-बारा फुटी खोल्यांत, पिढ्या काढल्या. बाबासाहेब १९५० साली कँडीच्या जागतिक बौद्ध परिषदेला गेले, तेव्हा कोलंबोच्या टाउन हॉलमधल्या सभेत त्यांनी तिथल्या अस्पृश्यांना बौद्ध होण्याचे आवाहन केले आणि सिलोनच्या बौद्धांना सांगितले की या लोकांना आपले माना, त्यांचा सांभाळ करा. त्याला दोन वर्षे आधीच सिलोनच्या संसदेने या लोकांतल्या बहुतेकांना देशाबाहेरचे ठरवून टाकले होते. बंदरनायके तेव्हा मंत्री होते. विरोध करून राजीनामा देण्याइतकी ही बाब त्यांना महत्त्वाची वाटली नाही.

राजीनामा त्यांनी दिला तो १९५१ साली. सेनानायके यांच्यानंतर पंतप्रधानपद आपल्याकडे येत नाही, ते त्यांच्या घरातच जाणार, हे उघड झाले होते. त्यांनी श्रीलंका फ्रीडम पार्टी काढली. १९५२ च्या निवडणुकीत अवघ्या नऊ जागा मिळाल्या. चार वर्षांत हाच माणूस प्रचंड बहुमताने पंतप्रधान झाला. हे कसे घडले ते नीट समजून घेतले पाहिजे, कारण उजव्या लोकानुनयी राजकारणाची सगळी यंत्रे इथे एका जागी पाहायला मिळतात. (बंदरनायके यांना उजवे कसे म्हणता, त्यांनी तर बस आणि बंदरांचे राष्ट्रीयीकरण केले, असे कोणी विचारेल. खरे आहे. आर्थिक धोरणात ते डावीकडे होते, त्यांच्या आघाडीत मार्क्सवादी फिलिप गुणवर्धनही होते. पण लोकांना एकत्र कशावर आणायचे, याचे त्यांचे उत्तर वंश, भाषा आणि धर्म हे होते. पक्षाचा जाहीरनामा डावा असला म्हणून सभेतले भाषण डावे होत नाही.)

पहिली गोष्ट ही की लोकांचे गाऱ्हाणे खोटे नव्हते. देशातल्या नव्वद टक्क्यांहून अधिक माणसांना इंग्रजी येत नव्हते आणि राज्यकारभार मात्र पूर्ण इंग्रजीत. कोर्टात आपल्याविरुद्ध काय बोलले जाते ते आरोपीला कळत नसे. सरकारी अर्ज भरायला दुसऱ्याच्या पाया पडावे लागे. सिंहली शाळेतल्या गुरुजींना इंग्रजी शाळेतल्या मास्तरपेक्षा कमी पगार आणि कमी मान. गावचा आयुर्वेदिक वैद्य डॉक्टरपुढे कस्पटासमान. विहारातल्या भिक्खूला वाटे की गोऱ्यांच्या काळात मिशनऱ्यांनी आपली जागा घेतली आणि स्वातंत्र्यानंतरही ती परत मिळाली नाही. शेतकरी आणि कामगार तर होतेच. बंदरनायके यांनी या पाच घटकांची मोट बांधली : संघ, वैद्य, गुरू, शेतकरी, कामगार. त्यांना पंचमहाबल म्हटले गेले. ज्या माणसांना आजवर कोणी विचारले नव्हते, त्यांना व्यासपीठावरून कोणी देशाचे बळ म्हणाले. त्या शब्दातला मान आपण समजू शकतो. आपल्याही वस्त्यांत अशा मानासाठी माणसे उन्हातान्हात मैलोन्मैल चालत गेली आहेत.

दुसरी गोष्ट, शत्रू बदलला गेला. मूळ मागणी स्वभाषेची होती. इंग्रजी जाऊन तिच्या जागी सिंहली आणि तमिळ या दोन्ही भाषा याव्यात, अशी. १९४४ साली कायदेमंडळात बंदरनायके यांनी स्वतः दोन्ही भाषांच्या बाजूने मत मांडले होते. त्यांच्या नव्या पक्षाचे धोरणही तेच होते. पण इंग्रजीविरुद्धची लढाई लढायची म्हणजे होरगोल्लाच्या वाड्यासकट सगळ्या वरच्या वर्गाला उत्तर द्यावे लागणार होते. तमिळांकडे बोट दाखवणे सोपे होते. जाफन्यात अमेरिकन मिशनच्या शाळा होत्या, जमीन कोरडी होती, म्हणून तिथली मुले शिकून सरकारी नोकरीत गेली आणि लोकसंख्येच्या प्रमाणापेक्षा त्यांची संख्या जास्त झाली. एवढ्या धाग्यावर कथा विणली गेली की तमिळ आपल्या नोकऱ्या खातात. १९५४ साली पंतप्रधान सर जॉन कोटेलावला यांनी जाफन्यात दोन्ही भाषांना समान दर्जा देण्याचे बोलून दाखवले आणि दक्षिणेत वादळ उठले. त्या वादळात बंदरनायके यांनी १९५५ साली आपला पक्ष सिंहलीच फक्त या मागणीवर आणून उभा केला. सत्तेवर आलो की चोवीस तासांत, असे आश्वासन दिले.

चोवीस तास. कायदा तयार करायला, कारकून शिकवायला, टाइपरायटर बनवायला किती काळ लागतो हे ऑक्सफर्डच्या बॅरिस्टरला कळत नव्हते असे नाही. पण अशा राजकारणात मुदत ही वेळ मोजण्यासाठी नसते. आतापर्यंत जे झाले नाही ते केवळ वरच्यांच्या बेइमानीमुळे, इच्छा असेल तर एका दिवसात होईल, हे ती सांगते. मधल्या अडचणी, वाटाघाटी, दुसऱ्याचा हक्क हे सगळे मग दगाबाजीच वाटू लागते.

तिसरी गोष्ट भीती. सिंहली लोक बेटावर सुमारे सत्तर टक्के होते. तरी त्यांना सांगितले गेले की तुम्ही अल्पसंख्य आहात, कारण पाल्कच्या सामुद्रधुनीपलीकडे तमिळांची संख्या कोटींत आहे आणि सिंहली भाषेला जगात दुसरा आधार नाही. सोबत महावंसातला राजा दुट्ठगामणी आणि तमिळ राजा एळार यांचे युद्ध पुन्हा सांगितले जाऊ लागले. त्याच महावंसात एळार न्यायी राजा होता असे म्हटले आहे आणि त्याच्या समाधीला मान देण्याची आज्ञा दुट्ठगामणीने केल्याचेही म्हटले आहे. तो भाग मागे पडला. पुढे आला तो दुसरा भाग : युद्धातल्या हत्येने राजाला पश्चात्ताप होतो, तेव्हा अर्हत त्याची समजूत घालतात की मेलेल्यांत त्रिसरण घेतलेला एक आणि पंचशील घेतलेला एक एवढेच मोजण्याजोगे, म्हणजे दीड माणूस, बाकीचे जनावरांसारखे. पाणातिपाताची पहिली शिकवण रोज म्हणणाऱ्या कोणालाही हे वाचून धक्का बसावा. हे तथागतांचे वचन नव्हे, त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर हजार वर्षांनी लिहिलेल्या राजवंशाच्या इतिहासातले आहे, एवढे तरी आपण ठणकावून सांगितले पाहिजे.

१९५६ हे वर्ष बुद्धजयंतीचे, तथागतांच्या महापरिनिर्वाणाला अडीच हजार वर्षे झाल्याचे. निवडणूक त्याच वर्षी एप्रिलमध्ये आली. फेब्रुवारीत अखिल सिलोन बौद्ध काँग्रेसच्या चौकशी समितीने ब्रिटिश काळात बौद्ध धर्मावर झालेल्या अन्यायाचा अहवाल प्रसिद्ध केला होता. भिक्खूंची एक आघाडी उभी राहिली आणि हजारो भिक्खू घरोघर प्रचाराला निघाले. तिचे सूत्रधार होते केलनियाच्या राजमहाविहाराचे प्रमुख मापिटिगम बुद्धरक्खित. सत्ताधारी पक्षाचे निवडणूक चिन्ह हत्ती होते. मग चित्र निघाले : हत्तीवर बसलेला कोटेलावला म्हणजे मार, बुद्धावर चाल करून येणारा. विरोधक चुकला असे म्हणण्याची गरजच उरली नाही, तो मारच ठरला. ५१ जागा जिंकून बंदरनायके पंतप्रधान झाले. जुन्या सत्ताधारी पक्षाकडे ८ उरल्या.

५ जून १९५६ रोजी भाषेचे विधेयक संसदेत आले. त्या दिवशी चेल्वनायकम यांच्या नेतृत्वाखाली तमिळ खासदार आणि कार्यकर्ते संसदेसमोरच्या गॉल फेस मैदानावर सत्याग्रहाला बसले. जमावाने त्यांना बडवून काढले. दंगल कोलंबोतून पूर्वेकडच्या गल ओया वसाहतीत गेली आणि शंभराहून अधिक माणसे मेली, त्यांत बहुतेक तमिळ. विधेयकात तमिळच्या वाजवी वापराची जी थोडी तरतूद करण्याचा बेत होता, तीसुद्धा एका प्राध्यापकाच्या उपोषणामुळे वगळली गेली. डाव्या पक्षाचे कोल्विन डी सिल्वा यांनी सभागृहात बजावले की एक भाषा लादाल तर देशाचे दोन तुकडे होतील. विधेयक ६६ विरुद्ध २९ मतांनी मंजूर झाले. गंमत पाहा, ज्या कामाला चोवीस तास लागणार होते, त्याच्या अंमलबजावणीला कायद्यानेच १९६० च्या अखेरपर्यंत मुदत दिली होती.

याच्या काही महिने आधी, १९५५ च्या अखेरीस, बाबासाहेबांचे भाषिक राज्यांवरचे पुस्तक आले होते. राजकीय बहुमत आणि जातीय बहुमत यांतला भेद त्यांनी त्यात मांडला आहे. राजकीय बहुमत विचारांवर बनते, म्हणून ते बदलू शकते. जातीय बहुमत जन्माने ठरते, त्यात बाहेरच्याला प्रवेश नाही आणि आतल्याला सुटका नाही. ते लिहित होते भारताविषयी. समुद्रापलीकडे त्याचा दाखला तयार होत होता.

बंदरनायके खलनायक असते तर ही गोष्ट सोपी झाली असती. ते तसे नव्हते. १९५७ साली त्यांनी त्रिंकोमाली आणि कटुनायके येथील ब्रिटिशांचे तळ परत मिळवले. आपण उतरतो तो विमानतळ त्यांतलाच. त्याच वर्षी जातीच्या कारणावरून मंदिर, दुकान, शाळा नाकारणे गुन्हा ठरवणारा कायदा झाला. कुळांना संरक्षण देणारा भातशेतीचा कायदा आला, कामगारांना भविष्यनिर्वाह निधी मिळाला, फाशीची शिक्षा स्थगित झाली. संघातल्या जातीला मात्र कोणी हात लावला नाही. सियाम निकायात गोविगम जातीखेरीज इतरांना उपसंपदा मिळत नसे. ज्या संघाच्या नावाने आंदोलन चालले होते, त्याची ही स्थिती होती.

तमिळांशी समझोता केला पाहिजे हेही त्यांना कळत होते. २६ जुलै १९५७ रोजी त्यांनी चेल्वनायकम यांच्याशी करार केला. प्रादेशिक परिषदा आणि तमिळ भाषेला मान्यता, म्हणजे १९२६ साली तरुण बंदरनायके जे मागत होते त्याचाच छोटा अवतार. विरोधात बसलेल्या जे. आर. जयवर्धने यांनी त्याविरुद्ध कोलंबोहून कँडीपर्यंत पदयात्रा काढली. काल जे शस्त्र आपण चालवले ते आज दुसऱ्याने उचलले, तर तक्रार कोणाकडे करणार? ९ एप्रिल १९५८ रोजी दोनेकशे भिक्खू त्यांच्या रोझमीड प्लेसच्या घरासमोर येऊन बसले. पंतप्रधानांनी करार रद्द केला. तेवढ्याने भागले नाही, तसे लेखी मागितले गेले आणि त्यांनी लेखी दिले.

दीडेक महिन्यात देश पेटला. गाड्या अडवून तमिळ प्रवाशांना मारले, पोलोन्नरुवाच्या शेतवस्त्यांत कत्तल झाली, पानदुऱ्यात एका हिंदू पुजाऱ्याला जिवंत जाळले. पंतप्रधान दिवसामागून दिवस आणीबाणी लावायला कचरत राहिले. २७ मे रोजी ती लागली तोवर शेकडो माणसे गेली होती. कोलंबोतल्या हजारो तमिळ कुटुंबांना जहाजांत घालून जाफन्याला पाठवावे लागले. आपल्याच राजधानीतून आपलेच नागरिक निर्वासित म्हणून बोटीत बसले. त्यानंतर ऑगस्टमध्ये तमिळच्या वाजवी वापराचा कायदा मंजूर झाला. त्याचे नियम व्हायला १९६६ उजाडले.

सूत्रधार बुद्धरक्खित यांचे आता वेगळेच चालले होते. जहाज कंपनी, साखर कारखाना अशा धंद्यांसाठी त्यांना सरकारी कृपा हवी होती आणि ती मिळत नव्हती. जी व्यक्ती आपण निवडून आणली ती आपल्या हातात राहत नाही, हा रागही होता. २५ सप्टेंबर १९५९ च्या सकाळी तालदुवे सोमाराम नावाचा भिक्खू, जो आयुर्वेद महाविद्यालयात नेत्रचिकित्सा शिकवत असे, पंतप्रधानांच्या घरी आला. भिक्खूंना त्या घरात कधी अडवले जात नसे. तो व्हरांड्यात बसला. बंदरनायके पुढे आले आणि त्यांनी चीवराला वाकून नमस्कार केला. सोमारामने चीवरातून पिस्तूल काढले. जखमी पंतप्रधानांनी रुग्णालयातून देशाला निरोप पाठवला, की चीवर घातलेल्या एका मूर्ख माणसाने हे केले आहे, कोणी सूड घेऊ नये. दुसऱ्या दिवशी त्यांचा मृत्यू झाला. त्या निरोपातली करुणा अस्सल होती असे मला वाटते.

सोमाराम, बुद्धरक्खित आणि आणखी एकाला शिक्षा झाली. बंदरनायके यांनी थांबवलेली फाशी त्यांच्या खुनानंतर पुन्हा सुरू करण्यात आली. सोमारामला ६ जुलै १९६२ रोजी फाशी दिली गेली. त्याआधी त्याने ख्रिस्ती धर्म स्वीकारला होता. बुद्धरक्खित १९६७ साली तुरुंगात मेले.

१९६० साली सिरिमावो पंतप्रधान झाल्या. १९६४ साली त्यांनी लालबहादूर शास्त्रींशी करार केला : मळ्यांतल्या मजुरांपैकी सव्वापाच लाख भारत घेईल, तीन लाखांना सिलोन नागरिकत्व देईल, उरलेल्या दीड लाखांचे पुढे पाहू. त्या माणसांना विचारले गेले नाही. जे भारतात पाठवले गेले त्यांतले कित्येक निलगिरीच्या मळ्यांत पुन्हा पानेच खुडू लागले. जे तिथे राहिले त्यांच्यातल्या शेवटच्या नागरिकत्व नसलेल्या लोकांसाठी श्रीलंकेच्या संसदेने कायदा केला तो २००३ साली.